सिनिकल नेमकं कोणाला म्हणावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाला लागून एक अभ्यासिका आहे. पत्र्याची खोली, आठ टेबलं, एक कूलर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं अग्रलेख वाचतात आणि अडलेला शब्द माझ्याकडे घेऊन येतात. वर्षभरात सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे 'सिनिकल'. तेच तेच सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. (वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना इंग्रजीत 'एफएक्यू' म्हणतात. पण एफएक्यू म्हटलं की आमच्याकडे आधी शेतमाल खरेदी केंद्रावरचा 'एफएक्यू दर्जा' आठवतो, म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी, ज्यात मालाचा ओलावाही मोजतात. हे ते नव्हे. ओलाव्याचा विषय पुढे येईल, पण वेगळ्या कारणानं.)

सिनिसिझम म्हणजे काय, एका वाक्यात सांगा ना सर.

माणूस जे काही करतो ते स्वतःच्या फायद्यासाठीच करतो आणि चांगुलपणा हा वरवरचा रंग असतो, असं आधीच धरून चालण्याची सवय. यातला 'आधीच' नीट लक्षात ठेवा. गावात कोणी रक्तदान शिबिर घेतलं की पानठेल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "यंदा झेडपीले उभा राहते वाट्टे." हे सिनिकल बोलणं. पंचाईत अशी की पुष्कळदा तो माणूस खरंच झेडपीला उभा राहतो.

मराठीत याला एक नेमका शब्द नाही का?

नाही. वैचारिक लेखनात 'तुच्छतावाद', 'दोषैकदृष्टी', 'मानवद्वेष' असे शब्द येतात, पण त्यातला प्रत्येक जण कापडाचं एकच टोक धरतो. 'दोषैकदृष्टी' म्हणजे फक्त दोष पाहणारी नजर. चांगला शब्द आहे, पण तो सासूलाही लागू पडतो आणि पुस्तक-परीक्षण लिहिणाऱ्यालाही. 'मानवद्वेष' फार जड. सिनिकल माणूस लोकांचा द्वेष करतोच असं नाही, उलट चार लोक जमल्याशिवाय त्याला करमत नाही. 'छिद्रान्वेषी' म्हणजे भोकं शोधणारा, मीनमेख काढणारा. त्याचं लक्ष कामातल्या चुकीवर असतं, सिनिकल माणसाचं लक्ष काम करणाऱ्याच्या हेतूवर.

म्हणून मी पोरांना सांगतो, निबंधात सरळ 'सिनिकल' लिहा, सगळ्यांना कळतं. किंवा एक शब्द शोधण्याऐवजी अख्खं वाक्य लिहा: 'कोणाच्याही हेतूवर विश्वास न ठेवणारा'. चार शब्द जास्त गेले तर कागद महाग होत नाही.

हा शब्द आला कुठून? त्याचा कुत्र्याशी संबंध आहे म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. ग्रीक भाषेत कुत्र्याला 'क्यॉन' म्हणतात, त्यावरून 'किनिकॉस' म्हणजे कुत्र्यासारखा. आपल्या संस्कृतातला 'श्वन्' आणि तो 'क्यॉन' हे एकाच जुन्या मुळातून आले आहेत, म्हणजे शासकीय पत्रातला 'भटके श्वान' आणि अग्रलेखातला 'सिनिकल' हे लांबचे चुलतभाऊ झाले.

इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमध्ये काही तत्त्वज्ञ होते. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनिस याच्यापासून ही परंपरा सांगतात, पण गाजला तो सिनोपचा डायोजेनिस. घर नाही, दार नाही, एका मोठ्या मातीच्या रांजणात मुक्काम. उघड्यावर खाणं, उघड्यावर झोपणं, मोठ्या माणसालाही तोंडावर बोलणं. लोक कुत्रा म्हणाले, तर त्यानं ते नाव अंगाला लावून घेतलं. भर दिवसा कंदील घेऊन बाजारात फिरायचा आणि विचारलं की सांगायचा, माणूस शोधतोय. अलेक्झांडर त्याला भेटायला गेला आणि म्हणाला, काय हवं ते माग. हा म्हणाला, जरा बाजूला सर, ऊन अडवतोयस. (चंद्रपूरच्या मे महिन्यात त्यानं असं मागितलं नसतं. तिथं सावली धरून उभा असलेला राजा कोणालाही चालेल.)

या गोष्टींतल्या किती घडल्या आणि किती पुढच्यांनी रचल्या हा वेगळा विषय. पण जुन्या सिनिकांचा आग्रह स्पष्ट होता: पैसा, मानमरातब, लोक काय म्हणतील, ही सगळी ओझी खाली ठेवा आणि सद्गुणानं जगा. म्हणजे त्यांचा चांगुलपणावर विश्वास होता, फक्त ढोंगाशी वैर होतं. आजच्या अर्थानं आपण ज्याला सिनिकल म्हणतो त्याचा चांगुलपणावरच विश्वास उरलेला नसतो. दोन हजारांहून जास्त वर्षांत शब्दानं अशी कूस बदलली.

मग गाडगेबाबांना सिनिक म्हणता येईल का?

हा प्रश्न विचारणारी पोरगी पहिल्या दमात परीक्षा पास होईल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दमात झाली.

साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं घेऊन गावोगाव फिरला. तिकडे डायोजेनिसचा रांजण, इकडे बाबांचं गाडगं, दोन्ही मातीचीच. डायोजेनिसची एक गोष्ट सांगतात की पोराला ओंजळीनं पाणी पिताना पाहिलं आणि जवळचं भांडं फेकून दिलं. बाबांचं गाडगं मात्र सुटलं नाही: जेवायला तेच, डोक्यावर घालायला तेच. दोघंही फाडकन बोलणारे, दोघांनाही देवाधर्माच्या नावाखाली चाललेलं ढोंग खपत नसे. कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, ती तर थेट सॉक्रेटिसची रीत.

तेव्हा जुन्या ग्रीक अर्थानं कोणी त्यांना सिनिक म्हटलं तर मी भांडणार नाही. आजच्या अर्थानं मात्र अजिबात नाही. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या. लोक सुधारतात असं मनापासून वाटल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या गावात खराटा मारत नाही.

स्केप्टिक आणि सिनिकल यात फरक काय? पेपरात दोन्ही एकाच अर्थानं येतात.

येतात, आणि चुकीचे येतात. 'स्केप्टिक' ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ निरखून पाहणं, तपासणं. मराठीत आपण त्याला संशयवादी म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण 'संशय' म्हटलं की आपल्याला नवरा-बायकोचं भांडण आठवतं. 'चिकित्सक' हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो.

उदाहरण आमच्याच गावचं देतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली. हमीभावानं माल द्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. (नोव्हेंबरात ती मर्यादा १५ केली, पण तोवर पुष्कळांनी माल विकून टाकला होता.) त्या दिवसांत आमच्या शेजारचे एक काका घरून निघायच्या आधी पोत्यात हात घालायचे, तळातून मूठभर दाणे काढायचे आणि एक दाणा दाढेखाली धरायचे. कट्ट वाजला तर माल वाळला. दाणा दबला, चिकटला, तर पुन्हा ताडपत्रीवर. मग एका व्यापाऱ्याकडे मशीनवर ओलावा मोजून घेतला: साडेतेरा. काकांनी पिशवीतले तेच दाणे उचलले आणि समोरच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर टाकले: बारा. पहिल्याकडे परत येऊन म्हणाले, "तुयी मशीन जराशी इमोशनल हाये बाप्पा, दुसऱ्यांदा टाकून पाय." त्यानं पुन्हा टाकले, तर सव्वाबारा. काकांनी तिन्ही आकडे विडीच्या पाकिटावर लिहून घेतले आणि माल आणखी एक दिवस उन्हात घातला.

हे स्केप्टिक. विश्वास ठेवला नाही, पण तपासलं. आणि तपासल्यावर आपला माल थोडा ओलाच आहे हेही मान्य केलं.

त्याच ओट्यावर बसलेले दुसरे गृहस्थ. "कायले मोजता? समदे काटे चोर, समद्या मशिनी चोर. तुमी नेऊन तं पाहा, कापतेच." त्यांनी एकही दाणा मोजला नाही, सगळा माल दारावर आलेल्या पहिल्याच गाडीवाल्याला देऊन टाकला, तोही न मोजता सांगितलेल्या ओलाव्यावर. हे सिनिकल. यातली गंमत पाहा: कोणावरच विश्वास नसलेला माणूस शेवटी पहिल्या भेटलेल्या माणसाच्या शब्दावर माल विकून मोकळा झाला. सगळेच चोर आहेत असं एकदा ठरवलं की चोर निवडायचे कष्ट राहत नाहीत.

निराशावादी म्हणजेच सिनिकल ना?

नाही. निराशावाद्याचा राग परिस्थितीवर, सिनिकल माणसाचा माणसांवर. मृगात पेरलं आणि पाऊस दडला, तर निराशावादी म्हणेल, "यंदा काही खरं नाई, दुबार पेरणी आली." सिनिकल म्हणेल, "बियाणंवाल्यायचीच चांदी हाये, अन् हवामानवाले त्यायलेच मिळून हायेत." पहिल्याला आभाळाची भीती वाटते, दुसऱ्याला आभाळातही कमिशन दिसतं.

उपरोधिक, तिरकस, खवचट, कुजकट: यातलं कोणतं सिनिकल?

हे सगळे बोलण्याच्या ढंगाचे शब्द आहेत, सिनिसिझम हा मनातला ग्रह आहे. खवचट बोलणाऱ्याचं मन स्वच्छ असू शकतं आणि गोडबोल्या माणूस आतून पक्का सिनिकल असू शकतो.

छटा बघा. 'तिरकस' म्हणजे सरळ न बोलता आडून. 'उपरोधिक' म्हणजे बोलायचं एक आणि अर्थ उलटा. 'खवचट' मध्ये डिवचण्याची मजा आहे, 'कुजकट' मध्ये मजा संपून कडवटपणा उरलेला असतो. 'टोमणा' एकाला उद्देशून मारतात, नेमका, आणि तो लागला पाहिजे. इंग्रजीतल्या 'सारकॅझम'चं मूळही ग्रीकच, अर्थ मांस ओरबाडणं. कुजकट बोलणं ऐकलेल्या कोणालाही हे पटेल.

आमच्या वऱ्हाडी बोलण्याबद्दल इथं दोन शब्द सांगायला हवेत, कारण बाहेरून बदलून आलेल्या माणसाला पहिले सहा महिने आम्ही सगळेच सिनिकल वाटतो. लग्नाला उशिरा आलेल्या जावयाला कोणी "या जवाईबापू, लवकरच आले, आता तं निस्त्या पंगती उठल्या" म्हटलं, तर तो अपमान नसतो. त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असतं. हाल विचारले तर "मेलो नाई अजून" हे उत्तर मिळतं, म्हणजे तब्येत उत्तम. आमच्याकडे माया तिरपी चालते. एका बदलून आलेल्या मास्तरांनी ही गोष्ट समजायला दोन वर्षं घेतली, तोवर ते बिचारे कोणाच्या घरी चहालाच गेले नाहीत.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण सिनिकल आहे का?

वापरणाऱ्यावर आहे. 'सब घोडे बारा टक्के' ही मात्र सरळसरळ सिनिकल, कारण तिच्यात घोडे पाहायची सोयच नाही. पळसाची म्हण निरीक्षणातून आली आहे. फाल्गुनात आमच्याकडची रानं केशरी करणारा पळस कुठेही पाहा, आमच्या पांदणीवरचा असो की गोंदियाच्या जंगलातला, एका देठाला तीनच दलं. पत्रावळी लावणाऱ्या बाईला विचारा, ती न पाहता बोटांनी सांगेल. म्हण खरी आहे, पळसापुरती. एका कार्यालयात काम अडलं, दुसऱ्यातही अडलं, म्हणून कोणी ती वापरली तर तो अनुभव झाला. तिसऱ्या कार्यालयात पाऊल न टाकता वापरली की तो सिनिसिझम. आमच्या बांधावर पळसाशेजारी कडुनिंब आहे, त्याची पानं कोणी मोजायला जात नाही.

विदर्भातला शेतकरी सिनिकल झाला आहे, असं वाचतो. पटतं का?

निम्मं पटतं. निम्म्याला माझा आक्षेप आहे.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. तेव्हाचा खर्चाचा अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. पुढे तो सुधारत सुधारत १८ हजार कोटींच्या वर गेला आणि कालव्यांची कामं लांबतच राहिली. भूमिपूजनाच्या वेळी विशीत असलेला माणूस आज साठीच्या घरात आहे. त्याला कोणी सांगितलं की दोन वर्षांत तुमच्या वावरात पाणी येतं, आणि तो नुसता हसला, तर त्या हसण्याला मी सिनिसिझम म्हणणार नाही. ती आठवण आहे. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, आणि याचं तर तोंड १९८८ पासून पोळतंय.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला. पानठेल्यावर त्याच दिवशी निकाल लागला: "रुपयात आता आगपेटीबी येत नाई, इमा कुठून येते?" हसायला येतं, पण असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून अर्ज भरलाच. जिभेवर शंका आणि हातात सातबारा. याला सिनिकल म्हणायचं तर मग आशावादी कोणाला म्हणायचं? मृगाकडे बघून दरवर्षी कर्ज काढून पेरणारा माणूस मुळात सिनिकल असूच शकत नाही, त्याला सिनिकलपणा परवडणारा नाही.

ज्या निम्म्याशी मी सहमत आहे ते तरुण पोरांबद्दल. विशी-बाविशीत, एकदाही न पोळलेलं तोंड, आणि तरी "काही होत नाई सर, समदी सेटिंग असते." परीक्षेचा अर्जच भरत नाहीत. बापाची आठवण पोराकडे निष्कर्ष होऊन येते. मला काळजी याची वाटते, म्हाताऱ्यांच्या हसण्याची नाही.

विरक्त माणूस आणि सिनिकल माणूस यात गोंधळ होतो.

विरक्ताला काही नको असतं. सिनिकल माणसाला हवं असतं, पण मिळणार नाही याची खात्री असते. मधला एक प्रकार म्हणजे स्मशानवैराग्य: मयतीवरून परतेपर्यंत 'कोणाचं काय अन् कशाचं काय', आणि घरी आल्यावर आंघोळ करून पुन्हा धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण. 'उदासीन' हा आणखी वेगळा, त्याला कशाचंच काही वाटत नाही. सिनिकल माणसाला फार वाटतं, म्हणून तर तो इतका बोलतो.

वऱ्हाडीत सिनिकल माणसाला काय म्हणतात?

नेमका शब्द मी ऐकलेला नाही. वर्णन करतात: "त्याले कोनाचं चांगलं दिसतच नाई", "तो वाकड्यातच शिरते". कोणी फुशारकी मारली तर ती 'फोकनाड' आणि भाबडेपणानं विश्वास ठेवला तर तो 'बह्याड'. म्हणजे दोन्हीकडून बचाव करायचा तर गप्प बसणं आलं, आणि ते आम्हाला जमत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत वेगळे शब्द असतील, तिकडच्या कोणी सांगावेत.

विरुद्धार्थी शब्द काय लिहायचा?

भाबडा. 'आशावादी' हा निराशावादीचा विरुद्धार्थी, तो इथं लिहून गुण घालवू नका.

लिहायचं कसं? सिनिक, सिनिकल की सायनिकल?

माणूस 'सिनिक', विशेषण 'सिनिकल', वृत्ती 'सिनिसिझम' किंवा सरळ 'सिनिकलपणा'. 'सायनिकल' नको. आणि 'सीनिक' तर मुळीच नको, तो निसर्गरम्य. एकानं चिखलदऱ्याच्या सहलीवर निबंध लिहिताना 'तेथील सर्व पॉइंट अत्यंत सिनिकल आहेत' असं लिहिलं होतं. त्या दिवशी धुकं फार होतं, तेव्हा वाक्य अगदीच चूक म्हणता येत नाही.

घरात मोठ्यांना 'तुम्ही सिनिकल आहात' असं म्हणावं का?

म्हणू नये. मोठ्यांना लेबल लावलेलं आवडत नाही, आणि ते कशामुळे असे बोलतात ते विचारलं तर बहुतेक वेळा एक खरी घटना निघते, तारखेसकट.

तरी ज्यांना मोह आवरत नाही त्यांच्यासाठी अभ्यासिकेतल्या एका पोराचा अनुभव. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला बाबा तयार नव्हते. हा चिडून म्हणाला, "बाबा, तुमी लय सिनिकल झाले." बाबांनी हातातला विळा खाली ठेवला. "काय झालो?"

"सिनिकल."

"नाई रे," बाबा म्हणाले. "सिकलसेलची तपासणी झाल्ती मागं शाळेत. माया रिपोर्ट निगेटिव्ह आल्ता. तुया मायलेबी विचार."